माझं लिनक्स, बहिणीचा मॅक आणि सगळ्यांचा एकच खेळ

एकट्याने खेळायचा विंडोजचा खेळ लिनक्सवर चालवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. खरी परीक्षा लागते ती पाच जणांनी पाच गावांतून एकच खेळ खेळायचा ठरवल्यावर. आमच्या कॉलेजच्या गटाने २०२० च्या लॉकडाउनमध्ये तसं ठरवलं. हॉस्टेलवर लॅनची वायर ओढून रात्ररात्र खेळलेला 'एज ऑफ एम्पायर्स २' सगळ्यांच्या बोटांत होता, आणि त्याची डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे नव्याने केलेली आवृत्ती, नोव्हेंबर २०१९ मध्येच आली होती. दोघं पुण्यात, एक नाशकात, एक जर्मनीत. सगळ्यांकडे विंडोज. मी सांगलीत घरून काम करत होतो, उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर. वर्षभराने माझी मावसबहीणही आमच्यात आली. ती डब्लिनला शिकायला गेली होती आणि तिच्याकडे एम१ चिपचा मॅकबुक एअर होता.

"एक पार्टिशन कर आणि विंडोज टाक की, अर्ध्या तासाचं काम," असं नाशिककर मित्राने पहिल्याच दिवशी सुचवलं. मला ते करायचं नव्हतं. माझं काम, माझी कागदपत्रं, माझ्या सवयी, सगळं लिनक्सवर आहे. तासभर खेळण्यासाठी कॉम्प्युटर बंद करून दुसऱ्या सिस्टिममध्ये शिरायचं, तिथले आठवडाभर साचलेले अपडेट निस्तरायचे आणि मग परत यायचं, हे मला पटत नाही. शिवाय ज्या सिस्टिमने मला कॉम्प्युटर आतून समजून घ्यायला शिकवलं, ती खेळाच्या वेळी बाजूला ठेवावी असं मला कधी वाटलंच नाही.

आधी पाया सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनचं काम १९९३ मध्ये सुरू झालं आणि तिची १.० आवृत्ती यायला २००८ साल उजाडलं. वाइन म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात घातलेला दुसरा कॉम्प्युटर नव्हे. खेळ विंडोजकडे जे मागतो (फाइल उघड, खिडकी दाखव, आवाज काढ) ते वाइन स्वतः ऐकते आणि लिनक्सकडून करून घेते. ऑगस्ट २०१८ मध्ये, स्टीम हे खेळांचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने, कोडवीव्हर्स या कंपनीच्या साथीने वाइनवर आधारलेला प्रोटॉन थेट स्टीममध्येच आणला. त्याच्या जोडीला डीएक्सव्हीके आहे. खेळ डायरेक्टथ्रीडीच्या भाषेत चित्र मागतो आणि डीएक्सव्हीके ती मागणी व्हल्कनच्या भाषेत करून ग्राफिक कार्डाला देतं. ही सगळी कामं लोकांनी उघड्यावर, कोड सर्वांना दिसेल अशी केली आहेत.

माझ्याकडे एएमडीचं कार्ड असल्यामुळे ड्रायव्हरचा त्रास नव्हता. मेसाचा ड्रायव्हर उबुंटूबरोबरच येतो. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्यांचा ड्रायव्हर 'अॅडिशनल ड्रायव्हर्स'मधून आधी टाकून घ्यावा लागतो. तो नसेल तर पुढचं काहीच नीट होत नाही. स्टीमच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या खेळांसाठी स्टीम प्ले, म्हणजे प्रोटॉन वापरायची सोय, चालू केलं, खेळ उतरवला. सुरुवातीचा व्हिडिओ अडकत होता म्हणून लाँच ऑप्शनमध्ये 'स्किपइंट्रो' हा शब्द लिहिला आणि मेनू समोर आला. ज्यांच्या कॉम्प्युटरमध्ये विंडोजही आहे त्यांच्यासाठी एक सांगून ठेवतो. विंडोजच्या एनटीएफएस पार्टिशनवर आधीच उतरवलेला खेळ तिथूनच लिनक्समध्ये चालवायचा मोह होतो, पण प्रोटॉनला लागणाऱ्या फाइल आणि लिंक तिथे नीट बसत नाहीत. जागा गेली तरी चालेल, खेळ लिनक्सच्या पार्टिशनवरच ठेवा.

जोन ऑफ आर्कची एकट्याने खेळायची मोहीम मी सलग खेळून पाहिली. कुठे अडखळ नाही, आवाज स्वच्छ, माउस हलका. रविवारी रात्री सगळे जमले. बेरीच्या झुडपांपासून पहिल्या भांडणापर्यंत सगळं ठीक चाललं, आणि पहिली चकमक झाली तशी पडद्यावर पाटी आली: आउट ऑफ सिंक. खेळ सगळ्यांचाच बंद. पुन्हा मांडला, पुन्हा तेच. कधी पाचव्या मिनिटाला, कधी विसाव्या, पण बहुतेकदा लढाई जुंपली की.

इंटरनेटवर शंका घेणं सोपं होतं. पण लाइन खराब असती तर खेळ रखडला असता किंवा मी एकटा बाहेर फेकला गेलो असतो. इथे सगळे जोडलेले होते आणि तरीही खेळ म्हणत होता की तुमचं आपसांत जुळत नाही. हा फरक समजून घेतला आणि मला या खेळाची रचनाच नव्याने कळली.

नेहमीच्या सामन्यात एकेका खेळाडूची माणसं दोनशेपर्यंत जातात आणि खेळाडू आठ असू शकतात. म्हणजे हजार-दीड हजार सैनिक, शेतकरी, बोटी. या मालिकेतला पहिला खेळ १९९७ चा, लोक तेव्हा टेलिफोनच्या मॉडेमवर खेळत. एवढ्या सगळ्यांची जागा दर क्षणाला त्या वायरीतून पाठवणं शक्यच नव्हतं. म्हणून जागा पाठवतच नाहीत. पाठवतात ते फक्त हुकूम: या पाच तिरंदाजांना तिकडे न्या, इथे घर बांधा. पुढचं सगळं गणित प्रत्येक कॉम्प्युटर आपापलं करतो. लेझीमच्या पथकात हलगीचा ठोका तेवढा सगळ्यांना सारखा पोचतो, पाय कुठे टाकायचा हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. तसं हे आहे. ठोका एक आणि चाल एक, म्हणून पथक एकसारखं दिसतं.

आता यात एका कॉम्प्युटरचं गणित केसभर जरी वेगळं आलं तरी काय होईल पाहा. बाणाचा कोन काढताना दशांशचिन्हानंतरच्या अगदी शेवटच्या घरात फरक पडला. माझ्याकडे बाण भालेकऱ्याला लागला, पुण्यात तो बाजूने गेला. माझ्याकडे तो भालेकरी मेला, पुण्यात तो जिवंत राहून पुढच्याला मारतोय. काही सेकंदांत दोन कॉम्प्युटरवर दोन वेगळी युद्धं चालू होतात. खेळ मधूनमधून सगळ्यांचे हिशेब ताडून पाहतो, आणि ते जुळले नाहीत की थांबतो.

माझ्याकडचा फरक येत होता 'यूसीआरटीबेस' नावाच्या डीएलएलमधून. साइन, कोसाइन, घातांक अशी गणितं सांगणारी ही विंडोजची फाइल. वाइनमध्ये मायक्रोसॉफ्टची फाइल नसते. त्या जागी वाइनच्या लोकांनी स्वतः लिहिलेली असते, आणि तशीच असायला हवी, कारण म्हणूनच वाइन मुक्तपणे वाटता येते. तिची उत्तरं बरोबरच होती. पण बरोबर असणं पुरेसं नव्हतं, शेवटच्या घरापर्यंत इतरांसारखी असणं गरजेचं होतं. दोन्हीकडे लिनक्स असतं तर हा प्रश्न आलाच नसता. यात कोणाचंच काही चुकलेलं नव्हतं, आणि मला याच गोष्टीचं फार अप्रूप वाटलं. दोन्ही बाजू नीट असूनही युद्ध मोडत होतं.

हे कोडं माझ्याआधी ज्या लिनक्सवाल्यांना पडलं होतं त्यांनी उपाय लिहून ठेवला होता. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत जागेवरून व्हिज्युअल सी++ चं रीडिस्ट्रिब्युटेबल पॅकेज उतरवायचं. 'कॅबएक्स्ट्रॅक्ट' नावाच्या छोट्या साधनाने ते उलगडायचं, त्यातली खरी यूसीआरटीबेस फाइल काढायची. स्टीमच्या फोल्डरात 'कॉम्पॅटडेटा' आहे, त्यात प्रत्येक खेळाचं त्याच्या क्रमांकाचं घर असतं, आपल्या खेळाचं ८१३७८०. त्या घरात विंडोजची खोटी सी ड्राइव्ह असते. तिच्या सिस्टिम३२ मध्ये ही फाइल आधीच्या जागी ठेवायची. इंटरनेटवर सुट्या डीएलएल वाटणाऱ्या जागा खूप दिसतात, तिथून मात्र काही घेऊ नका. त्या फाइलमध्ये आणखी काय भरलंय हे कळायला मार्ग नसतो.

फाइल बदलली आणि त्या रविवारी आम्ही पहिला सामना शेवटपर्यंत खेळलो. मी हरलो, जर्मनीतल्या मित्राच्या हत्तींनी माझी तटबंदी पाडली, पण बाण दोन्हीकडे त्याच माणसाला लागत होते. तो आनंद मला आजही सांगता येत नाही. माझ्या खोलीतलं लिनक्स आणि चार विंडोज एकच युद्ध बघत होते, शेवटच्या दशांशापर्यंत.

ही दुरुस्ती कायमची नव्हती. प्रोटॉनची आवृत्ती बदलली की खेळाचं घर नव्याने लावलं जायचं आणि जुनी फाइल परत यायची. म्हणून मी फाइल बदलण्याची एक छोटी स्क्रिप्ट करून ठेवली आणि नियम केला: प्रोटॉन बदलला की आधी नाशिककराला बोलवायचं, दोघांनी कॉम्प्युटरच्या दोन गड्यांविरुद्ध एक सामना खेळायचा, मोठी लढाई मुद्दाम करायची, आणि जुळलं तरच बाकीच्यांना बोलवायचं. हा चाचणीचा सामना मी अजून सोडलेला नाही. नवा मोठा अपडेट आला की त्या रात्री मी थेट गटात उतरत नाही.

बहिणीचा मॅक हा निराळा प्रवास होता. मॅकची अडचण अशी की तिथे जे चालतं ते विनातक्रार चालतं, आणि जे चालत नाही त्याच्यासाठी दारंही कमी असतात. डोटा २, लीग ऑफ लेजंड्स, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हे मॅकवर सरळ चालणारे ऑनलाइन खेळ. पण अॅपलने स्वतःचा मार्ग धरलेला आहे. २०१८ मध्ये त्यांनी ओपनजीएल ही चित्र मागायची जुनी भाषा मागे टाकायचं जाहीर केलं, व्हल्कन घेतलंच नाही, सगळा भर मेटल या स्वतःच्या भाषेवर. २०१९ च्या कॅटलिनामध्ये ३२ बिटचे प्रोग्रॅम बंद झाले आणि मॅकवरचे कितीतरी जुने खेळ एका अपडेटमध्ये गेले. २०२० च्या अखेरीस एम१ आली तेव्हा बूटकॅम्पही गेलं, म्हणजे मॅकवर विंडोज टाकून खेळायची जुनी वाट बंद. काउंटर-स्ट्राइक २ सप्टेंबर २०२३ मध्ये आला तो लिनक्ससाठी आला, मॅकसाठी नाही.

तिच्यासाठी आम्ही क्रॉसओव्हर निवडलं. हे कोडवीव्हर्सचंच, वाइनवर उभं असलेलं. पैसे पडतात, पण चौदा दिवस फुकट वापरून पाहता येतं. पैसे देताना तिने कां-कूं केली नाही, कारण त्या पैशांतून वाइनचंही काम होतं हे मी तिला सांगितलं होतं. व्हिडिओ कॉलवर बसून आम्ही एक बॉटल तयार केली (क्रॉसओव्हरमध्ये प्रत्येक खेळाच्या खोट्या विंडोजला बॉटल म्हणतात), तिच्यात विंडोजचं स्टीम टाकलं आणि डीएक्सव्हीके चालू केलं. मग मी तिला काय काय घडतंय ते सांगत बसलो. खेळ इंटेलच्या चिपसाठी लिहिलेला, तिची चिप वेगळ्या घराण्याची, म्हणून रोझेटा ही अॅपलचीच दुभाषी त्याचा प्रत्येक आदेश एआरएमच्या, म्हणजे तिच्या चिपच्या, भाषेत नेते. विंडोजच्या मागण्या वाइन मॅककडे नेते. डायरेक्टथ्रीडीचं व्हल्कन होतं, आणि मॅकला व्हल्कन समजत नाही म्हणून मोल्टनव्हीके त्याचं मेटल करतं.

"दादा, एवढं सगळं होऊन माझी मेंढी वेळेवर चालते?" ती म्हणाली.

चालत होती. ज्यात पंखासुद्धा नाही अशा मशीनवर चालत होती. मधल्या ग्राफिक सेटिंगवर, थोडं तापून, पण चालत होती.

मग तीच पाटी. तिच्याकडेही गणिताची फाइल वाइनचीच होती. माझ्याकडचा उपाय तसाच्या तसा लागू पडला: बॉटलच्या सिस्टिम३२ मध्ये खरी यूसीआरटीबेस, आणि वाइनच्या सेटिंगमध्ये त्या फाइलपुढे 'आधी नेटिव्ह' अशी नोंद. मधे रोझेटा असूनही हिशेब जुळला याचं मला फार कौतुक वाटलं. एका घराण्याच्या चिपचं गणित दुसऱ्या घराण्याच्या चिपवर, तेही शेवटच्या बिटापर्यंत तेच.

मॅकवर त्रास झाला तो भलत्याच गोष्टींचा. या खेळात माउस पडद्याच्या कडेला नेला की नकाशा सरकतो, आणि मॅकवर खालच्या कडेला गेलं की डॉक वर येतो, कोपऱ्यात गेलं की हॉट कॉर्नर. ते दोन्ही बंद केले. एफ१ पासूनच्या कळा आवाज-उजेडाला बांधलेल्या असतात, त्या सेटिंगमधून मोकळ्या केल्या. ट्रॅकपॅडवर लढाई होत नाही. तिने साधा वायरचा माउस घेतला आणि तिचा खेळ त्याच दिवशी सुधारला.

लाइनबद्दल थोडंच सांगतो. डब्लिन, जर्मनी आणि सांगली एकत्र खेळायचं तर अंतराचा वेळ द्यावाच लागतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे युरोपची जा-ये कितीही चांगल्या लाइनवर एक दशांश सेकंदाच्या आत-बाहेर राहणार. या खेळाला ते सोसतं, कारण हुकूम थोड्या उशिराने पण सगळ्यांकडे एकाच वेळी अमलात येतात. नेमबाजीच्या खेळात तसं नसतं, तिथे जवळचा सर्व्हर हवा. व्हॉल्व्हच्या खेळांना मुंबई आणि चेन्नईचे सर्व्हर आहेत. वाय-फायऐवजी राउटरपासून वायर ओढली की मधेच येणारे झटके जातात, आणि हे लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हींना सारखंच लागू आहे.

नेमबाजीचा विषय निघाला म्हणून ज्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचंय ते सांगतो. गटाच्या आग्रहाखातर मी असा एक खेळ उतरवून पाहिला. तो माझ्याकडे उत्तम चालला. मेनू, सराव, बंदुका, सगळं. सामना सुरू झाला की मात्र काही क्षणांत बाहेर. इथे कुठली फाइल बदलून उपयोग नव्हता, कारण गणित चुकत नव्हतं. त्या खेळाच्या अँटी-चीटला माझ्या सिस्टिमवर विश्वास ठेवायचा नव्हता.

फसवणूक पकडणारे हे प्रोग्रॅम विंडोजच्या कर्नलमध्ये, अगदी गाभ्यात जाऊन बसतात. प्रोटॉनमध्ये विंडोजचा गाभा नसतोच, त्यामुळे त्यांना बसायला जागा नाही. पण ही भिंत न ओलांडता येणारी होती असं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये, स्टीम डेक हा व्हॉल्व्हचा हातात धरून खेळायचा, लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर येण्याच्या तोंडावर, ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही मोठ्या प्रणालींनी प्रोटॉनला साथ द्यायचं जाहीर केलं. अट एकच: खेळ बनवणाऱ्यांनी ती आपल्या खेळासाठी चालू करायची. काहींनी केली, अनेकांनी नाही केली. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर काही वर्षं चालला आणि ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी बंद केला गेला. फसवणूक करणारे लिनक्सच्या मोकळेपणाचा फायदा घेतात, असं कारण दिलं गेलं. त्याच वर्षी लीग ऑफ लेजंड्समध्ये व्हॅनगार्ड हे अँटी-चीट आलं आणि वाइनवर खेळणाऱ्यांचा रस्ता संपला. मॅकवर मात्र तो खेळ चालू राहिला. जीटीए ऑनलाइनही २०२४ च्याच सप्टेंबरात लिनक्सवरून गेला.

फसवणूक खरी आहे, हे मी नाकारत नाही. एखाद्याने भिंतीपलीकडचं पाहून मारलं की खेळाचा आनंदच उरत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की दार बंद ठेवणं हा एक निर्णय आहे, अशक्यतेपुढची शरणागती नव्हे. डोटा २ पाहा. समोरच्याचे जे सैनिक तुम्हाला दिसायला नकोत, त्यांची माहिती सर्व्हर तुमच्या कॉम्प्युटरकडे धाडतच नाही. जे पोचलंच नाही ते चोरणार काय? तो खेळ लिनक्ससाठी, मॅकसाठी थेट बनवलेला आहे आणि कोणाच्या कर्नलमध्ये शिरत नाही. सगळ्याच खेळांना हे जमेल असं नाही. वेगवान नेमबाजीत कोपऱ्यामागचा माणूस क्षणभर आधी कळवावाच लागतो. पण जिथे जमेल तिथे जमवायचा प्रयत्न व्हावा. काही टक्के लोकांसाठी कोण एवढं करेल, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. वाइनचं काम सुरू झालं तेव्हा ते टक्के आजच्याहून कितीतरी कमी होते.

अँटी-चीटला चकवून खेळायच्या युक्त्या सांगणारे भेटतात. त्यांच्या नादी मी लागत नाही आणि कोणाला सुचवतही नाही. खातं कायमचं बंद होतं, आणि लिनक्सवाले फसवतात या समजाला आपणच पुरावा देतो.

त्यापेक्षा पैसे घालण्याआधी पंधरा मिनिटं शोधा. प्रोटॉनडीबी या साइटवर लोक कुठला खेळ प्रोटॉनवर कसा चालतो ते नोंदवतात. तिथे खेळाला प्लॅटिनम, गोल्ड अशी श्रेणी दिसते, पण ती पुष्कळदा एकट्याने खेळणाऱ्यांच्या अनुभवावर असते. खाली जाऊन ऑनलाइन खेळलेल्यांचे शेरे वाचा, तेही गेल्या दोन-तीन महिन्यांतले. अँटी-चीटची स्थिती वेगळी तपासा. आणि स्टीमवर घेतलात तर पहिल्याच बैठकीत ऑनलाइन सामना खेळून बघा, मोहिमा नंतर. चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल तर पैसे परत मिळतात. ते दोन तास सुंदर चित्रं बघण्यात घालवू नयेत.

आमचा गट अजून जमतो. जर्मनीतल्या मित्राने स्टीम डेक घेतला, म्हणजे आता तिथेही लिनक्सच, आणि त्याला ते कोणी सांगावंही लागलं नाही. बहिणीचा प्रश्न मात्र पुढचा आहे. अॅपलने जून २०२५ मध्ये सांगितलं की पूर्ण रोझेटा मॅकओएस २७ पर्यंतच राहील, नंतर फक्त जुन्या खेळांसाठी तिचा काही भाग ठेवतील. त्या काही भागात वाइनवरून चालणारा आमचा खेळ बसतो का, हे प्रत्यक्ष चालवल्यावरच समजेल. तोवर मी तिला एवढंच सांगितलंय, की मॅकओएसची नवी आवृत्ती आली की लगेच टाकू नकोस. आधी तिच्यासाठीचं क्रॉसओव्हर येऊ दे, मग तू आणि मी दोघंच एक चाचणीचा सामना खेळू.